लाभार्थी की हक्कदार?

प्रश्न

गावातल्या माहितीफलकाचा मजकूर लिहितो आहे. रोजगार हमी, रेशन, दाखले, घरकुल, सगळ्या छापील नमुन्यांत ‘लाभार्थी’ हाच शब्द आहे. सरसकट तोच वापरणं मला खटकतं. ‘हक्कदार’ लिहिलं तर चालेल का? ‘अधिकार’ आणि ‘हक्क’ यांत फरक करावा का?

प्रतिसाद

खटकतं ते बरोबरच आहे. लाभार्थी म्हणजे लाभ इच्छिणारा. विद्यार्थी, परीक्षार्थी यांच्याच घडणीचा शब्द. त्यात मागणाऱ्याची इच्छा आहे, पण ज्याने द्यायचं त्याच्यावरचं बंधन कुठेच नाही. त्याचा जोडीदार शब्द ‘पात्र’. तो दानविचारातला. देश, काल आणि पात्र पाहून दिलेलं ते सात्त्विक दान, असं गीतेच्या सतराव्या अध्यायात आहे. दानापुरतं ते ठीक. कायद्याने जे देणं लागतं तिथे हे दोन शब्द आले की देणारा आपोआप दाता होतो आणि घेणारा याचक.

रोजगार हमीचंच घ्या. राज्यघटनेच्या ४१व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ३७वा अनुच्छेद सांगतो की ही तत्त्वं न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. म्हणजे विचार मान्य, त्याची वसुली नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग सुरू करवला, १९७२च्या दुष्काळात या कल्पनेची खरी कसोटी लागली आणि १९७७ साली महाराष्ट्राने कायदाच केला. खर्चासाठी नोकरदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून गावातल्या मजुराची हमी उभी राहिली. सामाजिक न्याय हा शब्द मी एरवी जपून वापरतो, इथे बेधडक वापरतो.

या कायद्याचं तत्त्वज्ञान पाहायचं तर मजुराच्या हातातला कागद पाहावा. नमुना ४ मध्ये कामाची मागणी करायची आणि नमुना ५ मध्ये तारखेची पोच घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता देणं लागतं. पोच नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. मग ‘काम निघालं की कळवू’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ते उत्तर लाभार्थ्यालाच देता येतं. तारीख हातात असलेल्या माणसाला ते देता येत नाही.

आता हक्क आणि अधिकार. हक्क अरबीतून फारसीमार्गे आला. मूळ अर्थ सत्य, न्याय्य, वाजवी. ‘हक्काने सांग’, ‘हक्काचं माणूस’ असं आपण म्हणतो तेव्हा समोर कुणीतरी ऐकायला बांधलेला आहे हे गृहीत असतं. अधिकार संस्कृत. मीमांसेत, म्हणजे वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या शास्त्रात, कर्म करण्याची योग्यता, पुढे सत्ता. मराठीत ‘अधिकारी’ म्हटलं की खुर्चीच डोळ्यांसमोर येते. कायद्याचं तत्त्वज्ञान मांडणाऱ्या वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ साली हाच भेद काटेकोरपणे मांडला: एखाद्याचा दावा असतो तेव्हा दुसऱ्या कुणावर तरी तितकंच कर्तव्य असतं, आणि दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याची शक्ती ही वेगळी गोष्ट. आपल्याकडे पहिल्याला हक्क आणि दुसरीला अधिकार म्हणायची सोय आयती आहे. ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५’ हे नावच पाहा. दाखला मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकाचा, तो देण्याचा अधिकार पदनिर्देशित अधिकाऱ्याचा. मुदत चुकली तर अपील आहे आणि कसूर ठरली तर दंडही आहे.

‘माहितीचा अधिकार’ मात्र आता इतका रुजला आहे की तो बदलायला जाऊ नये.

प्रतिसाद

हक्कदार शब्दाला वतनाचा वास येतो. पाटलाचे हक्क, कुलकर्ण्याचे हक्क, सगळे जन्माने मिळालेले. महार वतनात तर हक्काच्या नावाखाली राबवणूक होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं विधेयक आणलं ते त्यासाठीच. आणि अधिकार हा शब्द खुर्चीचाच कसा? ‘सकळांसी येथें आहे अधिकार’ हे तुकोबांचं आहे.

प्रतिसाद

तुकोबांचा दाखला फार मोलाचा. अधिकारभेद, म्हणजे जन्मावरून योग्यता कमीजास्त, मानणाऱ्या समाजात ‘सकळांसी’ म्हणणं हे त्या शब्दाची दारं उघडणं होतं. म्हणूनच शिक्षणाच्या, माहितीच्या बाबतीत ‘अधिकार’ शोभतो. जिथे प्रवेश बंद होता तिथे प्रवेश मिळाला, हा भाव त्यात येतो. माझा आग्रह देण्याघेण्याच्या व्यवहारापुरता आहे.

वतनाचा आक्षेपही खरा आहे. जन्माने येणारा हक्क दुसऱ्याला बांधून टाकतो. पण सगळ्यांना सारखाच असलेला हक्क ही वतनाच्या नेमकी उलट कल्पना आहे, आणि तिच्यासाठी लढलेल्यांनी ‘हक्क’ हा शब्द सोडला नाही, त्यातली वतनदारी काढून घेतली. माणगाव-महाडपासून पुढच्या सगळ्या चळवळींच्या तोंडी ‘न्याय्य हक्क’ आहे. तो आता आपण का सोडावा?

तरीही ‘हक्कदार’ लिहिताना एक पथ्य पाळा. कायद्याने बंधन घातलं आहे तिथेच लिहा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आहे आणि ते दिलं नाही तर भत्त्याची तरतूद आहे, तिथे हक्कदार बसतो. निधी येईल तसं, सोडत काढून द्यायच्या वस्तूला हक्क म्हटलं तर वाचणाऱ्याची फसवणूक होईल. तिथे लाभार्थीच प्रामाणिक.

आणि शक्य तिथे नाम टाळून क्रियापद वापरा. ‘इच्छुक लाभार्थ्यांनी योजनेचा लाभ घ्यावा’ याऐवजी: ‘काम हवं असेल तर नमुना ४ भरून द्या. नमुना ५ची तारखेसह पोच घ्या. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता मागा.’ फलकावर जागा उरली तर पोच नाकारल्यास तक्रार कुठे करायची तेही लिहा, मोठ्या अक्षरात.