मेणताडांची संख्या आणि संख्येचा भ्रम

कोलंबियातील कोकोरा खोऱ्याच्या छायाचित्रांत मेणताड (खोडावर मेणाचा थर असलेले उंच ताड) शेकड्यांनी दिसतात, तेव्हा ही जात दुर्मीळ कशी, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी पुष्कळ झाडे दिसली म्हणजे जात सुरक्षित, हे त्यातील गृहीतक मला मान्य नाही. कुरणात उभी असलेली ती झाडे जंगल तोडताना राखलेली, म्हणजेच बहुतेक म्हातारी आहेत. त्यांच्या बिया रुजतात, परंतु कोवळी रोपे उघड्या उन्हात करपतात किंवा गुरांच्या तोंडी जातात, त्यामुळे मधल्या वयाची पिढीच तेथे आढळत नाही. सुमारे 2000 ते 3000 मीटर उंचीवरील धुक्याच्या जंगलातील सावली या रोपांना अनेक दशके लागते, कारण जमिनीलगत नुसती पाने काढण्यातच त्यांचा तेवढा काळ जातो आणि खोड त्यानंतर वाढू लागते. (छायाचित्रकारांना मात्र हीच उघडी कुरणे आवडतात!)

आणखी एक बाब म्हणजे या ताडात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात, त्यामुळे एकूण खोडे मोजून फळणाऱ्या झाडांचा अंदाज बांधता येत नाही. कोलंबियाच्या 1985 च्या कायद्याने या ताडाला राष्ट्रीय वृक्षाचा दर्जा व तोडबंदी मिळाली, पण तोडबंदीने रोपांना सावली मिळत नाही; त्यासाठी कुरणाचा काही भाग कुंपण घालून पुन्हा जंगलाकडे सोडावा लागतो.