सोलर आधी की चिलर आधी? नऊ मजली ऑफिस इमारतीचा वीज-पाण्याचा खर्च

बिल्डिंगवाला: नऊ मजली ऑफिस इमारत. २५० टन क्षमतेचे दोन वॉटर-कूल्ड चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारी यंत्रं) आहेत. दुपारी दुसराही लावावा लागतो. दिवसा लोड ६०० किलोवॅट, रात्री ११ नंतरही १५० च्या खाली येत नाही. कूलिंग टॉवरला (चिलरची उष्णता बाहेर टाकणारा) जाणाऱ्या ताज्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३००, टॉवरमधल्या पाण्याचा ७५०. मॅनेजमेंटचं म्हणणं, गच्चीवर ६० किलोवॅट सोलर लावा आणि सगळी काच बदला. कुठून सुरुवात करू?

लोडशीट: सोलर जरूर लावा, पण आधी हिशोब बघा. ६० किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण २४० युनिट देईल. तुमचे रात्रीचे १५० किलोवॅट नुसत्या आठ तासांत १२०० युनिट खातात, तेही रिकाम्या इमारतीत!

सबमीटर नसतील तर रात्री बारानंतर क्लॅम्प मीटर घेऊन मेन पॅनेलचा एकेक फीडर (एकेका भागाला जाणारी वीजलाइन) मोजा. सर्व्हर रूम आणि तिचा एसी वेगळा काढा, बाकीच्याला जाब विचारा. नेहमीचे संशयित म्हणजे बेसमेंटचे पंखे, टॉयलेट एक्झॉस्ट, पँट्रीतले गीझर आणि कधीतरी एका मीटिंगसाठी 'मॅन्युअल'वर टाकून तसेच राहिलेले एएचयू (चिलरच्या पाण्यावर हवा थंड करून मजल्यावर सोडणारी युनिट). बीएमएसच्या (इमारतीची यंत्रणा चालवणाऱ्या संगणकाच्या) स्क्रीनवर टाइमटेबल अगदी व्यवस्थित दिसतं, म्हणून त्यावर विसंबू नका. पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर आहे का, ते जागेवर जाऊन बघा.

काचेला तूर्त हात लावू नका. चांगली काच काढून नवी बसवली तर ती बनवताना झालेलं उत्सर्जन भरून निघायला बराच काळ जातो. पश्चिमेला बाहेरून छज्जे किंवा लूव्हर लावा. डबल ग्लेझिंगला आतून गडद फिल्म लावायची असेल तर काच कंपनीला विचारूनच, कारण उष्णतेने काच तडकते.

टॉवरपाणी: पाण्याबद्दल. ७५० भागिले ३००, म्हणजे तुमचे सायकल्स (टॉवरमध्ये क्षार किती पट साठले) फक्त २.५. बाष्पीभवन १०० लिटर धरलं तर ब्लोडाउन (क्षार साठलेलं पाणी सोडून देणं) ६७ आणि ताजं पाणी १६७ लिटर. सायकल्स ५ वर नेले की ब्लोडाउन २५, ताजं पाणी १२५. चौथा हिस्सा वाचला.

त्यासाठी ब्लोडाउनला कंडक्टिव्हिटी कंट्रोलर (क्षार मोजून व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा) लावा. व्हॉल्व्ह हाताने थोडा उघडा ठेवण्याची पद्धत बंद. मात्र आधी पाण्याची हार्डनेस आणि सिलिका तपासा. टॉवरमध्ये सिलिका १५० पीपीएमच्या आसपास गेली की कंडेन्सरच्या (चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्याला देणारा भाग) नळ्यांवर काचेसारखा थर बसतो आणि तो साध्या अॅसिडने निघत नाही. एसटीपीचं (शुद्ध केलेलं सांडपाणी) पाणी वापरणार असाल तर अमोनियाही बघा, तो तांब्याच्या नळ्या खातो.

बिल्डिंगवाला: दोघांचेही आभार. आज चिल्ड वॉटरचं तापमान पाहिलं. जाताना ७, येताना ९.५ अंश. पंपांना व्हीएफडी (वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) आहेत, पण सगळे ५० हर्ट्झवर, म्हणजे पूर्ण वेगावर.

लोडशीट: मग दुसरा चिलर का लागतो ते कळलं. फरक साधारण ५.५ अंशांचा हवा, तुमचा निम्म्यापेक्षा कमी आहे. त्यामुळे तेवढ्याच थंडाव्यासाठी दुपटीहून जास्त पाणी फिरतंय. एका चिलरमधून तेवढं पाणी जात नाही, म्हणून तो पूर्ण लोडवर नसतानाही दुसरा चालू करावा लागतो.

या क्रमाने बघा: एएचयूचे थ्री-वे व्हॉल्व्ह (जास्तीचं पाणी कॉइल टाळून परत पाठवणारे; टू-वे करून घ्या), उघडा राहिलेला बायपास, न बंद होणारे अॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या मोटरी), मळलेले कॉइल. मग व्हीएफडी. डीपी सेन्सर (पाण्याच्या दाबातला फरक मोजणारा) पंपाजवळ असेल तर तो शेवटच्या एएचयूच्या बाजूला न्या आणि सेट पॉइंट हळूहळू उतरवा. वरच्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडूनही थंडावा पुरेना, की एक पायरी मागे या. स्पीड ८० टक्क्यांवर आला तर पंपाची वीज जवळपास निम्मी होते.

टॉवरपाणी: आणि चिलरचा गॅस विसरू नका. आर-१३४ए असेल तर १० किलो गळती म्हणजे सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइडइतका तापमानवाढीचा परिणाम. दर वर्षी किती किलो टॉप-अप केला ते सर्व्हिस रिपोर्टमधून काढा. टॉप-अप वारंवार होत असेल तर आधी शाफ्ट सील आणि फ्लेअर जॉइंट तपासून घ्या.