मदत हवी आहे: बंगल्यांच्या मधल्या प्लॉटवर छोटी अपार्टमेंट बिल्डिंग

मंडळी, जरा डोकं लावा. दोन्ही बाजूंना जुने एकमजली-दुमजली बंगले, मध्ये १२ बाय ३० मीटरचा प्लॉट, त्यावर तळमजला अधिक दोन असे सहा फ्लॅट बसवायचेत. दोन्हीकडे दीड-दीड मीटर सोडलं की रुंदी उरते ९, जिना मध्ये घेऊन पुढे एक फ्लॅट मागे एक असं केलंय म्हणजे कॉरिडॉरमध्ये जागा वाया जात नाही आणि प्रत्येक फ्लॅटला तीन बाजू मिळतात, पण त्यातल्या दोन बाजू शेजाऱ्यांच्या अंगणात डोकावतात हीच तर गोची आहे!

बाजूच्या खिडक्यांची सिल (खालची कड) जमिनीपासून १.७ मीटरवर नेली तर प्रायव्हसी राहते, पण खोली कोंदट वाटेल का? उजेड साधारण खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पटच आत जातो, म्हणून फक्त पुढच्या-मागच्या खिडक्यांवर भागणार नाही. मध्ये वरून उघडा असा छोटा चौक काढावा का?

दुसरं पार्किंग. काटकोनात गाडी लावायची तर ५ मीटर गाडी आणि ६ मीटर वळायला, म्हणजे अख्खा तळमजला त्यातच जातो आणि रस्त्यावरून नुसते खांब दिसतात, जे मला अजिबात आवडत नाही. शिवाय खाली फ्लॅट राहतच नाहीत, मग तिसरा मजला चढवावा लागेल. तो मागे सरकवला तर रस्त्यावरून खरंच कमी जाणवतो का, की ही नुसती ड्रॉइंगमधली समजूत?

आणि शेजारच्या जुन्या कंपाउंड वॉलला लागून खोदकाम कोणी केलंय का? टप्प्याटप्प्याने केलं की आधी शोअरिंग, म्हणजे माती-भिंत ढासळू नये म्हणून तात्पुरता आधार?