मदत हवी आहे: आई गेल्यापासून बाबांच्या खाण्या-औषधाची घडी विस्कटली आहे

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेही, साताऱ्यात एकटे, मी पुण्यात. इतकी वर्षं आई गोळी आणि पाण्याचा पेला हातात द्यायची, तेव्हा ती घेतली जायची. आता सकाळी चहा-खारी, रात्री बऱ्याचदा फरसाणावरच भागवतात. एचबीएवनसी (रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७ वरून ९.२ वर गेलंय. विधुरांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८५८ मध्येच फ्रान्सच्या आकडेवारीवरून मांडलं होतं, म्हणून जिवाला घोर लागलाय.

डबा लावून पाहिला, तसाच परत जायचा. फोनवर "घेतली" म्हणतात, पाकीट मात्र भरलेलं. दारू-तंबाखू नाही. डॉक्टरांनी नैराश्य नाही असं सांगितलंय. पुण्याला यायचं नाही, स्वयंपाकाला बाईही नको.

तुमच्याकडे कुणी अशा वेळी स्वतः रांधायला आणि वेळेवर गोळ्या घ्यायला लागलं असेल, तर ते नेमकं कशामुळे?