मदत हवी आहे: विंडोज १० काढून लिनक्स मिंट, पण डी ड्राइव्ह तसाच राहायला हवा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा लॅपटॉप सहाव्या पिढीचा आय५ आहे, त्यामुळे विंडोज ११ चालत नाही म्हणतं. जुगाड करून टाकायचं नाही.

सी ड्राइव्हवर विंडोज, डी वर घरचे सगळे फोटो आणि श्रीलिपीतली जुनी कागदपत्रं. बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद आहे. मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं, वायफाय लागतं. डी आधी नुसता वाचता येत होता. फास्ट स्टार्टअप (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करणारी सोय) बंद केल्यावर त्यावर लिहिताही येतंय. सर्वांत मोलाचे फोटो दुसरीकडे उतरवलेत, बाकीचं मावत नाही आणि नवी हार्डडिस्क सध्या शक्य नाही.

इन्स्टॉल करताना ‘समथिंग एल्स’ (पार्टिशन स्वतः ठरवायचा पर्याय) निवडून फक्त सी फॉरमॅट केला, तर डी ला धक्का लागणार नाही ना? आणि ईएफआय पार्टिशन (लॅपटॉप सुरू होताना लागणाऱ्या फाइल्सचा छोटा भाग) फॉरमॅट करायचं की तसंच ठेवायचं?