हातात नेमके किती पडतात? पगारदारांसाठी अनुभव धागा

'बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणता, मग महिन्याला लाख का येत नाहीत?' हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की आता एकदाच सगळं एका जागी येऊ द्या. आकडे २०२५-२६ चे, गृहीतकांसकट. रडगाणी नकोत, हिशेब लिहा.

पेरोलवाला
लाख येत नाहीत ते कराने नव्हे, सीटीसीने (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च). १२ लाख सीटीसी, त्यात बेसिक (मूळ पगार) ६ लाख धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ ७२,००० आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी २८,८६० आधीच त्यात धरलेली असते. उरले १०,९९,१४०, म्हणजे महिना ९१,५९५. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसायकर २०० गेला की खात्यात ८५,३९५. आयकर शून्य असूनही! फेब्रुवारीत आणखी शंभर कमी, कारण महाराष्ट्रात त्या महिन्याचा व्यवसायकर ३०० असतो (वर्षाचे २,५०० भरतात ते असे). दर फेब्रुवारीत 'स्लिप चुकली' म्हणून मेल येतात, म्हणून सांगून ठेवतो. बायकांना महिना २५,००० पर्यंत व्यवसायकर नाही.

सीए_ठाणे
वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणारे हमखास इथे अडकतात. वर्षाचा पगार १५ लाख, आयकराची नवी पद्धत (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत). ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदाराला सरसकट मिळणारी वजावट) वजा जाता १४.२५ लाखांवर कर ९३,७५० आणि ४ टक्के सेस धरून ९७,५००, म्हणजे महिना ८,१२५. पहिल्या कंपनीने सहा महिन्यांत ४८,७५० कापले. दुसरीला आधीचा पगार कळवला नाही, तर तिला फक्त साडेसात लाख दिसतात. ती पुन्हा स्टँडर्ड डिडक्शन देते, पुन्हा रिबेट (बारा लाखांपर्यंतची करमाफी) देते आणि कर कापतच नाही. सहा महिने पगार गुबगुबीत. मग रिटर्न भरताना उरलेले ४८,७५० एकदम, वर कर वेळेवर न भरल्याबद्दल कलम २३४बी आणि २३४सी खाली महिना एक टक्क्याने व्याज. उपाय साधा आहे: रुजू होतानाच आधीच्या पगाराचा फॉर्म (२०२५-२६ साठी १२बी) भरून द्या, आधीच्या कंपनीच्या शेवटच्या स्लिपसह.

भाडेकरू_कोथरूड
घरभाड्याची सूट फक्त जुन्या पद्धतीत. पुणे २०२५-२६ साठी बेसिकच्या ४० टक्क्यांत येतं. ५० टक्के मुंबईसारख्या चार महानगरांना. महिना बेसिक ५०,०००, एचआरए (घरभाडे भत्ता) २०,०००, भाडं २२,००० असेल तर तीन आकडे काढायचे: मिळालेला एचआरए २०,०००, भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे १७,०००, बेसिकचे ४० टक्के २०,०००. सगळ्यांत लहान तो १७,०००, वर्षाचे २,०४,०००.

आता हे सगळं लावूनही १५ लाखांना जुनी पद्धत परवडत नाही. ८०सी (पीएफ, आयुर्विमा वगैरेंची वजावट) पूर्ण दीड लाख, आरोग्यविमा २५,०००, व्यवसायकर २,५००, स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० धरा. तरी कर १,३८,३७२ येतो. नव्या पद्धतीच्या वरच्या ९७,५०० शी ताडून बघा. नाशिकला स्वतःचं घर, त्याच्या कर्जाचं २ लाख व्याज आणि नोकरीमुळे पुण्यात भाड्याने, असं असेल तर मात्र ८९,६४८. वाचले ७,८५२, तेही घरमालकाने पॅन दिला तर. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की पॅन लागतोच, आणि तिथेच गाडी अडते. पावत्या एप्रिलपासूनच घेत चला, जानेवारीत पुरावे मागितल्यावर धावपळ नको. पुरावा गेला नाही तर राहिलेला सगळा कर जानेवारी ते मार्च या तीन पगारांतून कापला जातो.

पेरोलवाला
भर: कंपनीला सांगितलेली पद्धत शेवटची नसते. नुसता पगार असलेल्याला रिटर्न भरताना बदलता येते. पण मुदत चुकली की जुनी पद्धत गेली.

त्रैराशिक
नव्या पद्धतीत १२.७५ लाख पगारावर आयकर शून्य (७५,००० वजा जाता बारा लाखच उरतात). १२.८५ झाला की करपात्र १२.१० लाख. स्लॅबने ६१,५०० होतात, पण मार्जिनल रिलीफमुळे (बारा लाखांवर जितकी रक्कम, त्याहून जास्त कर नाही) १०,००० वर थांबतात. त्यावर सेस ४००. म्हणजे वाढलेले दहा हजार गेलेच, वर पदरचे चारशे! करपात्र रक्कम साधारण १२.७० लाखांपर्यंत हाच खेळ. अशी वाढ कंपनीच्या वाट्याच्या एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजना) मागून घ्या, नव्या पद्धतीतही बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते. (पैसे अडकतात, हे खरंच.) आणि शेअर वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्याला रिबेट नाही, तिथे २० टक्के.

सीए_ठाणे
घरखर्चाचं एकच: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. २५,००० च्या हप्त्याचे २९,५०० जायचे, ते ४,५०० वाचायला हवेत. नूतनीकरणाची नोटीस आली की मूळ हप्ता गुपचूप वाढलाय का, ते गेल्या वर्षीच्या पावतीशी लावून बघा.