पेसमेकर बसवलेल्या आचाऱ्याने कमर्शियल इंडक्शनवर काम करावं का?

चाकणची_लेक

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या अण्णांना (वय ६३) गणपतीच्या आधी पेसमेकर बसवला. ठोके चाळीसच्या खाली जायचे, दोनदा चक्कर येऊन पडले, मग डॉक्टर म्हणाले आता थांबायचं नाही. आता तब्येत झकास आहे. अण्णा मूळचे आचारी, एमआयडीसीत एका कंपनीच्या कॅन्टीनचा ठेका आहे आमचा, दोन शिफ्ट मिळून चारशे-साडेचारशे ताटं निघतात. तर झालंय असं की कंपनी नव्या बिल्डिंगमध्ये चाललीय आणि तिथे आत गॅस चालणार नाही म्हणून सगळं किचन इंडक्शनवर करायचं ठरलंय, ५ किलोवॅटच्या दोन सपाट शेगड्या आणि फोडणी-भाजीसाठी ८ किलोवॅटची खोलगट कढईवाली एक. ऑर्डर अजून दिलेली नाही.

आणि पेसमेकरबरोबर जी पुस्तिका मिळाली त्यात लिहिलंय की चालू इंडक्शनपासून ६० सेंमी लांब राहा. आता मला सांगा, आमटीच्या टोपात डाव घालायचा तर माणूस ६० सेंमी लांबून कसा घालणार? डॉक्टरांना विचारलं तर "शक्यतो टाळा" एवढंच. अण्णांना टाळा म्हटलं की ते म्हणतात मग मी काय घरी बसून भिंती मोजू का. धाकटा भाऊ म्हणतो जुन्या हॉटेलात मायक्रोवेव्हजवळ पेसमेकरवाल्यांसाठी पाटी असायची, म्हणजे मायक्रोवेव्ह पण बंद का?

कुणाला खरंच माहिती असेल तर सांगा. घाबरवू नका प्लीज, घरात आधीच टेन्शन आहे.

पिंपरीचा_पम्या

काही होत नाही ओ ताई. माझ्या मामांना पेसमेकर आहे, मामी रोज इंडक्शनवर चहा करते, मामा ठणठणीत. डॉक्टर लोक उगाच स्वतःची कातडी वाचवायला असलं लिहून ठेवतात.

ठोकेमोजणारा

पम्याभाऊ, चहा मामी करते आणि मामा हॉलमध्ये पेपर वाचतात, यात इंडक्शनची परीक्षा कुठे झाली?

ताई, मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे, पेसमेकर तपासणीच्या क्लिनिकमध्ये काम केलंय. डॉक्टर नाही, तेव्हा शेवटचा शब्द अण्णांच्या कार्डिओलॉजिस्टचाच. पण प्रकरण काय आहे ते सांगतो.

पेसमेकर नुसता झटके देत बसत नाही, तो आधी ऐकतो. हृदयाचा स्वतःचा ठोका आला की गप्प बसतो, नाही आला तरच पल्स देतो. आणि तो जे ऐकतो ते काही मिलिव्होल्टचं असतं, म्हणजे अगदी बारीक. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यात साधारण २० ते १०० किलोहर्ट्झचा करंट फिरतो, त्या चुंबकीय क्षेत्राने टोपाच्या बुडातच करंट तयार होतो आणि बूड तापतं. हेच क्षेत्र थोडं बाहेरही पसरतं. ते पेसमेकरच्या तारेत शिरलं तर मशीनचा गैरसमज होऊ शकतो की ठोका आलाच आहे, आणि मग ते पल्स द्यायचं थांबतं. बहुतेक मशीन्स हा गोंगाट आहे हे ओळखून ठरावीक वेगाने पल्स देत राहतात, ते त्यातल्या त्यात बरं. ज्यांना आयसीडी म्हणजे शॉक देणारं मशीन आहे त्यांचं जरा वेगळं, तिथे गोंगाटाला धोकादायक ठोके समजून नको तेव्हा शॉक बसू शकतो.

आता कामाचं. अण्णांचं पेसमेकर कार्ड काढा आणि तार बायपोलर आहे की युनिपोलर ते बघा. बायपोलर तारेत दोन्ही इलेक्ट्रोड टोकाशीच जवळजवळ असतात त्यामुळे बाहेरचं क्षेत्र पकडायला जागाच कमी. युनिपोलरमध्ये एक टोक हृदयात आणि दुसरं म्हणजे छातीतला डबाच, मधे भलामोठा फेरा तयार होतो आणि तो अँटेनाचं काम करतो. यावर युरोपात झालेल्या अभ्यासात जो त्रास दिसला तो युनिपोलर तार, डाव्या बाजूला मशीन, माणूस शेगडीला अगदी चिकटून आणि भांडं कॉइलच्या मधोमध नसून सरकलेलं, हे सगळं जुळून आलं तेव्हा. आणखी एक, युनिपोलरवाल्याने टोपाला बराच वेळ हात लावून ठेवला तर शरीरातून जाणारा बारीक गळतीचा करंटही मशीन ऐकू शकतं. आजकाल बसवतात त्या तारा बहुतेक बायपोलरच असतात, पण अंदाजावर जाऊ नका, कार्ड बघा.

आणि ते ६० सेंमी पायापासून किंवा पोटापासून मोजायचे नाहीत हो! छातीतल्या मशीनपासून शेगडीपर्यंत. अण्णांची उंची काय आहे? समजा साडेपाच फूट, तर कॉलरबोनखालचं मशीन जमिनीपासून साधारण १३० सेंमीवर येतं. ओटा ८५ सेंमीचा. म्हणजे उभं अंतर ४५ झालं. शेगडीच्या मध्यापासून छाती आडवी ४० सेंमी मागे असेल तर तिरकं अंतर बरोबर ६० च्या आसपास येतं. सरळ उभं राहून ढवळायला अडचण नाही. गडबड होते ती वाकल्यावर, बुडाला लागलंय का बघायला माणूस टोपात डोकं घालतो तेव्हा, किंवा पलीकडच्या शेगडीवरचं भांडं घ्यायला अलीकडच्या चालू शेगडीवरून ओणवा होतो तेव्हा.

फक्त एक, हे ६० सेंमी लोक घरगुती शेगडीच्या हिशोबाने वाचतात, घरची शेगडी दोन किलोवॅटची असते. ८ किलोवॅटच्या कढईला तोच आकडा डोळे झाकून लावू नका. शेगडीचा मॉडेल नंबर आणि पेसमेकरचा मॉडेल नंबर दोन्ही देऊन पेसमेकर कंपनीच्या टेक्निकल विभागाला मेल करा, कामाच्या जागेबद्दलचे असे प्रश्न त्यांना नेहमी येतात.

भट्टीवाला_भोसरी

ताई मी कमर्शियल किचनची इक्विपमेंट बनवतो आणि बसवतो, माझ्या बाजूने सांगतो.

पहिलं म्हणजे वरचे दादा म्हणाले ना भांडं मधोमध पाहिजे, ते कॅन्टीनमध्ये कधीच नसतं. टोप आदळून आदळून बूड फुगलेलं असतं, मग तो शेगडीवर भोवऱ्यासारखा गरगरतो आणि ढवळताना सरकत सरकत कडेला जातो. इंडक्शन घेताना जुने टोप चालवायचा मोह होतो, लोहचुंबक चिकटला म्हणजे चालेल असं लोक म्हणतात, चालतं पण बूड सपाट नसेल तर शेगडीही बोंबलते आणि क्षेत्रही बाहेर सांडतं. नवे जाड सपाट बुडाचे टोप घ्या, त्यात काटकसर करू नका. छोटं पातेलं मोठ्या कॉइलवर ठेवायचं नाही.

दुसरं, सगळं इंडक्शनवर करायचं हे कुणी सांगितलं? गॅस नको एवढंच ना? मग भात, वरण, आमटी हे सगळं स्टीमवर न्या. इलेक्ट्रिक बॉयलर बाहेरच्या बाजूला आणि आत डबल जॅकेटची स्टीम कढई, हँडल फिरवलं की कढई वाकते आणि वरण खालच्या ड्रममध्ये, उचलायची झंझट नाही. आमच्याकडे शिर्डीला साई संस्थानच्या प्रसादालयात २००९ पासून छपरावर ७३ मोठ्या सोलर डिश बसवल्यात, त्या शेफलर डिशच्या उन्हावर वाफ करून हजारो लोकांचं जेवण शिजतं. तुम्हाला सोलर नको, पण वाफेवर एवढं जेवण शिजतं ना मग साडेचारशे ताटं म्हणजे काय. वाफेच्या कढईला चुंबकीय भानगडच नाही. फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज वेळेवर तपासून घ्यायचे, तिथे कंजूषी केली तर पेसमेकरचा प्रश्नच उरणार नाही.

बजेट असेल तर कॉम्बी ओव्हन बघा. वाफ आणि गरम हवा एकाच पेटीत, १९७६ मध्ये जर्मनीत रॅशनल कंपनीने आणला तेव्हापासून मोठी किचनं त्यावरच चालतात. हीटर साधे असतात, इंडक्शनसारखं हाय फ्रिक्वेन्सी क्षेत्र नसतं, आणि दार बंद असल्यामुळे कुणी आत डोकं घालत नाही. आपल्याकडे आचारी लोक त्याला आधी नाकं मुरडतात, मग भाजलेली वांगी एकदम चाळीस निघाली की गप्प होतात.

मग इंडक्शन राहतं ते फोडणीपुरतं. ती फोडणी दुसऱ्या पोऱ्याला द्या, अण्णांनी मसाला आणि चव बघावी. तसंही खरा आचारी तोच जो लांबून वासावर सांगतो मीठ कमी पडलंय.

जुना_रेडिओवाला

मायक्रोवेव्हच्या पाटीचं मी सांगतो, मजेशीर इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रेथिऑन कंपनी रडारसाठी मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारी नळी, बनवत होती. तिथला पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा होता आणि खिशातलं चॉकलेट वितळलं अशी गोष्ट सांगतात. या लहरींवर अन्न शिजवायच्या पेटंटचा अर्ज त्याने केला ८ ऑक्टोबर १९४५ ला. १९४७ मध्ये पहिला रडाररेंज म्हणजे त्या कंपनीचा मायक्रोवेव्ह आला तो काही घरात ठेवायचा नव्हता, जवळजवळ सहा फूट उंच, ३४० किलो वजन, थंड ठेवायला पाण्याची पाइपलाइन, म्हणजे हॉटेल आणि जहाजांसाठीच. ओट्यावर मावणारा यायला १९६७ उजाडलं.

आता गंमत बघा. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाच्या पेशंटच्या शरीरात जगातला पहिला पूर्ण आत बसणारा पेसमेकर बसवला तोही ८ ऑक्टोबरलाच, १९५८ साली. रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने तो बनवला आणि ओके सेनिंग या सर्जनने बसवला. सर्किट ओतायला साचा म्हणून बुटाच्या पॉलिशची डबी वापरली होती! एपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या रेझिनमध्ये, ओतलेला गोळा. तो काही तासांतच बंद पडला, पण लार्सन पुढे वीसपेक्षा जास्त पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगला, दोघांच्याही नंतर गेला, सर्जन आणि इंजिनिअर दोघांच्या. याला म्हणतात पेशंट.

तिकडे अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच हृदयाचे आवाज टिपायचं सर्किट जोडत होता, त्याने चुकून भलताच रेझिस्टर उचलला आणि सर्किट सेकंदाला एक अशी टिकटिक करायला लागलं. त्यावरून त्याने पेसमेकर केला, १९६० मध्ये माणसांत बसवला.

मुद्दा असा की हे सुरुवातीचे पेसमेकर एपॉक्सीत होते, भोवती धातूचं कवच नाही, आणि तेव्हाचे मायक्रोवेव्ह दारातून गळायचे. दोघं किचनमध्ये समोरासमोर आले म्हणून पाट्या लागल्या. पुढे पेसमेकर टायटॅनियमच्या बंद डब्यात गेले, आणि अमेरिकेने १९७१ पासून मायक्रोवेव्हच्या गळतीवर मर्यादा घातली. पाट्या मात्र भिंतीवर तशाच राहिल्या. आज चांगल्या स्थितीतल्या मायक्रोवेव्हपासून वीतभर लांब राहिलं की पुरे, कंपन्या १५ सेंमी सांगतात. दार वाकडं झालेला मायक्रोवेव्ह मात्र पेसमेकर असो नसो, भंगारात द्या.

सोलापुरी_चादर

मधेच विचारतो, माझ्या आईला हृदयाची झडप बदललीय, मेटलची. तिलाही हे ६० सेंमी लागू का? ती तर इंडक्शनला हातच लावेना झालीय.

ठोकेमोजणारा

नाही हो. झडपेत बॅटरी नाही की सर्किट नाही, ऐकणारं कुणीच नाही. आपली चित्रा झडप घ्या, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनली, १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा बसवली, तिची चौकट कोबाल्टच्या मिश्रधातूची आणि हलणारी चकती चक्क प्लास्टिकची असते. आईंना म्हणावं बिनधास्त स्वयंपाक करा, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणी तेवढी चुकवू नका, झडपेचा खरा धोका तिकडे आहे.

चाकणची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कार्ड सापडलं, अण्णांनी ते आधारकार्डाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवलं होतं. डीडीडीआर (पेसमेकरच्या प्रकाराचा कोड) लिहिलंय, डावी बाजू, तारा दोन्ही बायपोलर. उंची पाच फूट पाच इंच. अण्णा स्टीम कढईला तयार आहेत पण फोडणी दुसऱ्याला द्यायला अजिबात तयार नाहीत, म्हणतात फोडणी दिली म्हणजे ठेकाच दिला. मग ती ८ किलोवॅटची कढई घ्यायची की नाही? आणि चुकून वाकलेच तर काय होईल, लगेच काही होतं का?

ठोकेमोजणारा

बायपोलर आहे, चांगली बातमी. चुकून क्षणभर वाकले तर मशीन कायमचं बिघडत नाही, लांब झालं की पुन्हा नेहमीसारखं चालतं. शेगडीजवळ असताना डोकं हलकं वाटलं, धडधडलं, तर तिथेच उभं न राहता दोन पावलं मागे यायचं आणि नंतर तपासणीला जाऊन सांगायचं, मशीनच्या मेमरीत गोंगाटाची नोंद असू शकते.

पुढच्या तपासणीत एक प्रश्न नक्की विचारा, अण्णा पेसमेकरवर कितपत अवलंबून आहेत. म्हणजे मशीन थांबलं तर मागे त्यांचा स्वतःचा ठोका येतो का. येत असेल तर गोष्ट वेगळी, येतच नसेल तर त्या ८ किलोवॅटच्या कढईचा नाद मी तरी सोडायला सांगेन, फोडणी कितीही प्रिय असली तरी. कंपनीचं उत्तर येईपर्यंत ऑर्डर थांबवा. काही ठिकाणी ईसीजी लावून प्रत्यक्ष कामाच्या जागेवर तपासणी करतात, तेही विचारून बघा. आणि कार्ड कपाटात नाही, खिशात.

भट्टीवाला_भोसरी

फोडणीचा मार्ग आहे ना. साधी इलेक्ट्रिक हॉटप्लेट, लोखंडी, २ किलोवॅटची. तापायला वेळ लागतो, अण्णा शिव्या देतील, पण मोहरी तडतडते. साडेचारशे ताटांची फोडणी एकदम होणार नाही, दोन-तीन घाण्यांत करायची आणि स्टीम कढईत ओतायची. एक्झॉस्ट हूड जरा ओढून घ्यावा लागेल. किचनचा नकाशा आणि थ्री फेजचा लोड किती मंजूर झालाय तेवढं व्यनि करा, बॉयलर त्यात बसतो का बघून सांगतो.